वार्लामबाबाची घागर

नाना, तुम्ही गेलात म्हणून तुमच्या दारावर बसायला आलो आणि माझ्या तोंडून खरं निघालं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

एरवी माझं बोलणं खानदेशात कुठेही खपतं. धरणगावच्या जिनिंगच्या आवारात मी एकदा सांगितलं होतं, की माझ्या भोंग्यातून नुसतं 'हॅलो, हॅलो' म्हटलं आणि सरकीपासून कापूस आपोआप सुटला, मशिनं बंद ठेवावी लागली. माणसं मान डोलवत ऐकत होती. एकाने तर विचारलं, आमच्या गावाला कधी येता. खोटं सांगायचं असलं की माझा घसा कसा मोकळा असतो, ते तुम्हाला माहीत आहे.

मंडप माझाच होता; माईक-मंडपाचा धंदाच माझा. तुमच्या प्रमोदने सांगितलाही नव्हता. मीच जळगावहून टेम्पो भरून पाठवला, कारण तुमच्या दारात दुसऱ्या कोणाचं कापड लागलेलं मला बघवलं नसतं. द्वारदर्शनाला माणसं येत होती, बसत होती, पाणी न पिता उठत होती. अक्का उंबऱ्याच्या आत पाय दुमडून बसलेल्या. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, पण धाकट्या भावाच्या दारात कोण आलं, कोण नाही, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत पक्का होता. बोलता बोलता विषय आखाजीवर गेला. यंदाची अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, आणि वर्षात गेलेल्या माणसाची पहिली घागर म्हणजे घरातलं मोठं काम. प्रमोद हळूच म्हणाला, की यंदा बाबांची घागर भरायची, आईची आहे, आजोबा-आजींची आहे. पण ती एक जास्तीची घागर, जी बाबा दरवर्षी भरायचे, ती आता थांबवू या.

"ती कोनी व्हती, तेच आम्हले माहीत नही," अक्का म्हणाल्या. तुम्ही त्यांना इतकंच सांगितलेलं, की गुरूची आहे.

पारोळ्याचे तुमचे व्याही बसले होते, त्यांनी लगेच शास्त्र काढलं. ज्याचं नाव-गाव माहीत नाही, त्याला उंबऱ्यावर बोलवायचं नसतं. बोलावलं एकाला आणि आलं भलतंच कोणी, तर त्याला परत कोण घालवणार? आणि घरात ताजं दुःख असताना तर नाहीच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी म्हणालो, मला माहीत आहे ती कोणाची. रशियातल्या एका साधूची.

मग मागून कोणीतरी तोंडावर उपरणं धरून विचारलं, "अस्वलवाला का?" आणि तुमच्या दारात, तुमच्या मंडपात, चार-पाच माणसं खाली मान घालून खांदे हलवायला लागली. प्रमोद उठून माझ्याजवळ आला. पोरगा तुमच्यासारखाच, आवाज कधी चढवत नाही. "काका," म्हणाला, "आज नको."

तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. घरी भरीत केलं होतं, तरी लागलं नाही, यावरून काय ते समजा.

आपली ओळख कशी झाली, ते आठवतं? धुळ्यात लाल बावट्याची सभा होती, माईक माझा. वक्त्याने 'बंधूंनो' म्हटलं आणि अँप्लिफायरमधून धूर निघाला. मी लोकांना सांगून मोकळा झालो, की हे भाषणाच्या तेजाने झालं. तुम्ही गर्दीतून उठलात, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढलात. सभेला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. व्हॉल्व्ह काढून हलवून परत बसवलात आणि मला म्हणालात, "तेज नाही रे भोंग्या, धूळ." त्या दिवसापासून मला भोंग्या हे नाव पडलं आणि तुम्हाला मी चिकटलो. माझ्या थापा ऐकून न हसणारा आणि न चिडणारा असा माणूस दुसरा नव्हता. तुम्ही फक्त दुरुस्ती करायचात.

आणि मग एका उन्हाळ्यात, माझ्या गोडाऊनमध्ये, भोंग्यांच्या ढिगावर बसून तुम्ही मला त्या साधूची, वार्लामबाबाची, गोष्ट सांगितलीत. बाहेर असं ऊन, की उभी केलेली मोटारसायकल कोणी हात न लावता कण्हत होती. आणि तुम्ही बर्फाचं बोलत होतात.

पार्टीच्या लोकांनी तुम्हाला विशीत तिकडे धाडलं, व्होल्गाकाठच्या शहरात, मशिनांचं शिकायला. खानदेशातला शाकाहारी पोरगा. पहिला आठवडा तुम्ही हॉस्टेलच्या खाणावळीत वाटीतलं मांस बाजूला सारत रडत होतात. (मी सांगताना तो आठवडा महिना करतो, आणि अश्रू ताटात गोठतात. तेवढी सूट माझी मला असू द्या.) तर तिथला बॉयलर पेटवणारा म्हातारा तुमच्याजवळ आला आणि खुणेने म्हणाला, चल. तळघरात त्याच्याकडे उकडलेले बटाटे होते, काळी भाकरी होती. त्याचा तेव्हा मोठा उपास चालू होता. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. दोघांचं जेवण जुळलं. तुम्ही ती काळी भाकरी तोंडात घातलीत आणि तुम्हाला आईची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आठवली. पुढे भाषा आली, तेव्हा कळलं, की हा बॉयलरवाला नव्हेच. हा साधू. ख्रिस्ती, पण आपल्याकडच्या मिशनवाल्यांसारखा नाही; तिकडच्या जुन्या पंथातला, काळ्या कफनीतला. कफनी आणि दाढी सरकारने कधीच काढून घेतलेली. त्याच्याकडे जपासाठी गाठी मारलेली एक दोरी होती, कोळशाने काळी झालेली. एका हाताने फावडं चालायचं, दुसऱ्या हाताची बोटं खिशात त्या गाठींवरून.

तरुणपणी तो नदीकाठच्या मठात होता. सरकारने मठ बंद केला, घंटा उतरवून वितळवल्या, आत ट्रॅक्टर उभे केले. तो घराघरांत जाऊन गुपचूप प्रार्थना सांगायला लागला. पकडला. कोणाच्या घरी गेलास, कोणाच्या पोरांचे विधी केलेस, नावं सांग, म्हणून बसवून ठेवला, झोपू दिलं नाही, मारलं. त्याने नावं सांगितली नाहीत. मग उत्तरेकडच्या छावणीत झाडं तोडायला. सुटला, परत पकडला. अर्धं आयुष्य गेल्यावर सोडला तो या अटीवर, की देवाचं नाव काढायचं नाही, बॉयलर सांभाळायचा.

मी ही गोष्ट घेतली आणि गावोगाव नेली. सभा सुरू व्हायला वेळ असला, पुढारी उशिरा आला, की मी माईकवर वार्लामबाबा सुरू करायचो. लोक पुढारी विसरायचे. आणि खरंच सांगतो, अस्वल मी मुद्दाम नाही घातलं. धरणगावला पुढारी आलाच नाही, गोष्ट संपत आलेली, लोक उठायला लागलेले. आणि जंगलातून ते आपोआप बाहेर आलं. साधू एकटा, करवत दोन माणसांची. तर अस्वल आलं आणि त्याने करवतीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून झाड पाडलं. टाळ्या काय पडल्या म्हणता! पत्रे उडाले.

ते तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही धुळ्याहून बस पकडून जळगावला आलात. गोडाऊनच्या दारात उभे. आत आला नाहीत, बसला नाहीत.

"भोंग्या, करवतीच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. तो त्या हिवाळ्यात मेला. त्याच्या जागी तू अस्वल बसवलंस."

मी म्हणालो, "नाना, मेलेल्या माणसासाठी लोक थांबत नाहीत. अस्वलासाठी थांबतात."

पुढे कितीतरी वर्षं आपण भेटत राहिलो, एकमेकांच्या घरची लग्नं केली, पण त्या दोन वाक्यांच्या पुढे तो वाद गेलाच नाही. तुम्ही मधूनच, चहा पिता पिता, म्हणायचात, "अस्वल काढलंस का?" मी म्हणायचो, "काढतो, पावसाळ्यानंतर." नाना, माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. त्या अस्वलामुळे तुमचा साधू चोपड्यापासून साक्रीपर्यंत माहीत आहे. पण आता तोच माहीतपणा माझ्या घशात हाडासारखा अडकलाय. त्यावर तुमचं म्हणणं काय, ते विचारायला तुम्ही नाहीत.

आणि दुसरं एक विचारायचं राहिलं. तुम्ही स्वतः ही गोष्ट कोणाला का सांगितली नाहीत? नानींना नाही, प्रमोदला नाही, अक्कांना नाही. मी एकदा खोदून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, की ज्यांनी मला फुकट शिकवलं, पांघरूण दिलं, भाकरी दिली, त्यांनीच त्या माणसाचं असं केलं. मी कोणत्या तोंडाने कोणाला काय सांगू? बावट्याखालच्या तुमच्या मित्रांना ते ऐकवलं नसतं, आणि बाकीच्यांनी ऐकून त्या मित्रांना टोमणे मारले असते. तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्या मोर्चाला गेलात आणि शेवटपर्यंत साधूची घागर भरलीत. दोन्हीकडे खरे राहिलात आणि मधल्या मध्ये गप्प.

मग मलाच का सांगितलंत? हे कोडं मला दारावरून परत जाताना, बसमध्ये सुटलं, आणि मी खिडकीचा गज घट्ट धरून बसलो. तुम्ही हिशेबाने सांगितलंत. सगळ्या खानदेशात ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही, असा माणूस निवडून काढलात. माझ्या तोंडात ठेवलेलं खरं म्हणजे तिजोरीत ठेवलेलं. सगळ्यांनी बघावं आणि कोणी हात लावू नये. वा, नाना! मी स्वतःला लबाड समजत होतो. पण तिजोरी बांधून देणारा निघून गेला, आणि आता आत अडकलेला तो म्हातारा दार वाजवतोय, त्याचं काय?

मला झोप लागेना. घरची म्हणाली, एवढं असेल तर आपल्याकडे भरा त्याची घागर, एका घागरीचं काय? पण ते मला पटेना. आपल्याकडे पितर सवयीच्या उंबऱ्यावर येतात. तो इतकी वर्षं धुळ्याला आलेला. भर वैशाखात, एवढ्या लांबून येऊन तो तुमच्या दारात उभा राहील, उंबऱ्यावर, नावाने हाक मारत एकेका पितराचं उमटवतात, तसं आपलं कुंकवाचं बोट शोधेल, आणि बोट नसेल. मठाच्या दारातून काढला, हॉस्टेलच्या तळघरातून काढला, आता इथूनही. आणि परत जळगावचा पत्ता त्याला कोण सांगणार?

म्हणून मी परत आलो, नाना. बस धुळ्याकडे निघाली आणि मी गोष्ट मनातल्या मनात सरळ सांगायचा सराव सुरू केला. पारोळा येईपर्यंत तर दर वेळी झाडामागून अस्वल डोकं काढायचं. मी त्याला दटावायचो, ते परत काढायचं. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. तुमच्या गल्लीत शिरलो, तेव्हा उन्हाने रस्ता मऊ झालेला.

मंडप उतरलेला. ओट्यावर अक्का डाळ निवडत होत्या, प्रमोद आत होता. त्यालाही बाहेर बोलावलं. म्हणालो, मला एकदा सांगू द्या, मग हाकलून द्या. अक्का म्हणाल्या, "सांग. पण भोंग्या, मना भाऊ मरी गया शे. खेळ करू नको."

मी सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका बारीक. बॉयलर, बटाटे, दोरीच्या गाठी. करवतीच्या टोकाला माणूस होता, तो मेला, हे सांगितलं. मग ते सांगितलं, जे मी कधी माईकवर सांगितलं नव्हतं, कारण त्यात टाळ्यांना जागाच नाही. छावणीकडे नेताना कैद्यांना रेल्वेच्या बंद डब्यात कोंबलेलं. खायला खारवलेले मासे द्यायचे आणि पाणी द्यायचे नाहीत. माणसं डब्याच्या लोखंडी खिळ्यांवर जमलेला बर्फ नखांनी खरवडून चाटत होती. मध्येच कधी पत्र्याच्या मगात पाणी यायचं. वार्लामबाबा तो मग आधी शेजारच्याला द्यायचा, तो पुढच्याला, आणि फिरून येईपर्यंत मग कोरडा. तुम्हाला तो म्हणाला होता, की मार विसरलो, थंडी विसरलो, तहान विसरलो नाही. तेव्हा तुम्ही त्याला आपली आखाजी सांगितलीत. आमच्याकडे मेलेल्या माणसाला उन्हाळ्यात गार पाणी देतात, नवी घागर भरून, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवून, नाव घेऊन. त्याने फावडं थांबवलं. म्हणाला, "तुमच्या लोकांना मेलेल्याची तहान कळते. माझी वेळ आली की एक मग मलाही दे."

आणि एका सकाळी बॉयलरपाशी दुसराच माणूस होता. तुम्ही विचारत फिरलात. ऑफिसातला म्हणाला, कोण बॉयलरवाला? असा कोणी नव्हताच. त्याचं काय झालं, कुठे पुरला, की जिवंत होता, काही कळलं नाही. म्हणून तर परत आल्यावर कितीतरी वर्षं तुम्ही घागर भरली नाहीत. जिवंत माणसाची भरली तर, या भीतीने. शेवटी त्याचं वय मनात धरून, आता नसणारच, असं ठरल्यावर पहिली भरलीत. आणि त्या आखाजीला जेवला नव्हतात, हे मला तुम्हीच सांगितलेलं.

माझं सांगून झालं. प्रमोद खाली बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल, काका, तुमच्याकडे काही पुरावा? आणि माझ्याकडे काय होतं? माझं तोंड. ते तर सगळ्यांनी पाहिलेलं.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. मग प्रमोदला म्हणाल्या, की तुझा बाप त्या घागरीपुढचं पान वेगळं वाढायला लावायचा. बाकीच्या सगळ्या पानांना मीठ, त्या एका पानाला नाही. मी भांडायची, अळणी पान कुठल्या पितराला वाढतात? तर म्हणायचा, अक्का, एवढं ऐक. कारण कधी सांगितलं नाही.

"तरीच तो मीठ वाढू देये नही," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

नाना, हे मला माहीत नव्हतं. मला एवढं सगळं सांगितलंत आणि हे ठेवून घेतलंत. बरं केलंत. मला माहीत असतं, तर मी ते आधीच कुठेतरी माईकवर वाटून टाकलं असतं, आणि अक्कांच्या ओट्यावर ते खरं ठरलं नसतं.

"प्रमोद," अक्का म्हणाल्या, "कुंभारकडथून दोन नव्या घागरी लई ये."

प्रमोद उठला, चपला घातल्या. जाता जाता थांबला आणि म्हणाला, की काका, बाबांना हाक मी मारेन. त्या साधूंना हाक तुम्ही मारा. आमच्यापैकी कोणी त्यांना ओळखत नाही.

मला वाटलं होतं, एवढं झालं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. आखाजी दोन-चार दिवसांवर आली, आणि मी रात्रंदिवस तीच हाक घोळवतोय. आवाज चढवला, तर दारात पोलीस आला समजून तो मागे फिरेल. हळू मारली, तर एवढ्या लांब पोचेल का? वार्लाम हे त्याचं मठातलं नाव. आईने ठेवलेलं कोणतं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. आणि माझ्यासारख्याच्या हाकेवर त्याने का यावं? म्हणून हे तुम्हाला लिहितोय. प्रमोद तुम्हाला हाक मारील, तेव्हा तुम्ही एकटे येऊ नका, वार्लामबाबाला हाताला धरून आणा. घर तुमचं आहे, वाट तुम्हाला माहीत आहे. पान अळणी असेल, अक्का स्वतः वाढणार आहेत.

आणि एक करा, नाना. पहिला घोट तुम्ही घ्या. तुम्ही प्यायल्याचं दिसल्याशिवाय तो माणूस पाण्याला तोंड लावायचा नाही, तुमच्याकडे सरकवील आणि तसाच तहानलेला निघून जाईल. मी उंबऱ्याच्या अलीकडे हात जोडून उभा असेन, आणि तो प्याला की नाही, हे मला दिसणार नाही.